दहा राग आणि डिस्कोचा ठेका : एका विस्मृत ध्वनिमुद्रिकेची दोन नावे

१

विस्मृतीत गेलेली कलाकृती पुन्हा उजेडात येते, तेव्हा ती आपले मूळ नाव घेऊनच येते असे नाही. ज्या काळात ती सापडते, त्या काळाला परिचित असे एखादे नाव तिला चिकटते. आणि हे नाव जितके आकर्षक, तितका तिचा मूळ संदर्भ पुसट होत जातो. मुंबईतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ह्या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास हे ह्या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय.

ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली मुद्रित झाली व ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ह्या प्रसिद्ध मुद्रेखाली बाजारात आणली. तिला गिऱ्हाईक लाभले नाही, आणि पुढे सुमारे वीस वर्षे तिचा उल्लेखही कोठे फारसा आढळत नाही. २००२ साली एडो बाउमन ह्या डच संग्राहकाला दिल्लीतील एका दुकानात तिची प्रत मिळाली. त्याने चरणजित सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१० साली ‘बाँबे कनेक्शन’ ह्या आपल्या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. ह्या पुनर्मुद्रणानंतर पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी तिला जे नाव दिले ते ‘पहिली अ‍ॅसिड हाउस ध्वनिमुद्रिका’ असे होते. अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागो येथे उदयास आला, आणि ‘फ्यूचर’ ह्या गटाची १९८७ ची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही त्याची आद्य कृती मानली जात असे. मुंबईची ध्वनिमुद्रिका तिच्याहून पाच वर्षांनी जुनी ठरली. हा शोध अनेकांना इतका अविश्वसनीय वाटला की, ही कोणा आधुनिक वादकाने रचलेली लबाडी असावी, असाही संशय काही काळ व्यक्त झाला.

दोन कृतींतील ध्वनिसाम्य नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. ‘पहिली अ‍ॅसिड हाउस ध्वनिमुद्रिका’ हे वर्णन ह्या कृतीविषयी कितपत सांगते, आणि कितपत झाकून टाकते?

२

प्रथम मूळ शीर्षकाकडे पाहिले पाहिजे. ‘सिंथेसायझिंग’ हे वाद्याचे नाव नसून क्रियेचे नाव आहे. संश्लेषण करणे, निरनिराळी द्रव्ये एकत्र आणून घडविणे हा त्याचा अर्थ. ‘टेन रागाज’ ह्या शब्दांत आधारसामग्री सांगितली आहे, आणि ‘टु अ डिस्को बीट’ ह्यात तिची लयीची चौकट. ‘डिस्को’ हा शब्द फ्रेंच ‘डिस्कोतेक’चे संक्षिप्त रूप. त्याचा मूळ अर्थ तबकड्यांचा संग्रह. पुढे जेथे तबकड्या वाजवून नृत्य होई ते स्थळ, आणि अखेर त्या स्थळी वाजणारे संगीत, असे त्याचे अर्थांतर झाले.

‘बीट’ ह्याचे मराठी भाषांतर सामान्यतः ‘ठेका’ असे केले जाते. परंतु ह्या दोन संज्ञा समव्याप्त नाहीत. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या मात्रेवर सम आणि नवव्या मात्रेवर काल असतो. आवर्तनातील प्रत्येक स्थानाला त्यामुळे स्वतःचे मूल्य प्राप्त होते. डिस्कोच्या चार मात्रांपैकी प्रत्येकीवर मोठ्या ढोलाचा सारखाच आघात पडतो. तेथे काल नाही, आणि समेची उत्कंठाही नाही. चरणजित सिंग यांनी तबला वगळून राग ह्या समान आघातांवर ठेवले, तेव्हा त्यांनी केवळ एका तालवाद्याच्या जागी दुसरे आणले नाही. रागाच्या विस्ताराला समेकडे नेणारी यंत्रणाच त्यांनी बाजूस सारली.

ह्या ध्वनिमुद्रिकेवरील राग क्रमाने असे : भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी. भातखंड्यांच्या दहा थाटांशी ह्या दहा संख्येचा संबंध जोडण्याचा मोह होईल. पण तो टिकत नाही. भूपाली व यमन हे दोन्ही कल्याण थाटाचे, भैरव व बैरागी हे दोन्ही भैरव थाटाचे. बिलावल आणि आसावरी थाटांचा एकही राग नाही. समयचक्रही पाळलेले नाही : ललित आणि तोडी ह्या सकाळच्या दोन रागांमध्ये रात्रीच्या पहिल्या प्रहरातील भूपाली आला आहे. मात्र दुसरी एक गोष्ट ध्यानात येते. भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे किमान चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. स्वरांची संख्या कमी असली की रागाची आकृती चटकन ओळखू येते, आणि यंत्रावर पुनःपुन्हा फिरणाऱ्या छोट्या स्वरसमूहातही ती टिकून राहते. निवडीचे तत्त्व शास्त्रग्रंथातले नसून वादकाच्या हातातले आहे, असे ह्यावरून दिसते.

वाद्ये तीन, आणि तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची. टीआर-८०८ (१९८०) हे तालयंत्र. ज्युपिटर-८ (१९८१) हा आठ स्वर एकाच वेळी वाजवू शकणारा सिंथेसायझर. आणि टीबी-३०३ हे १९८१ च्या अखेरीस निघालेले छोटे यंत्र. एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी हा ह्या तिसऱ्या यंत्राचा हेतू होता. त्यात सोळा पायऱ्यांचा स्वरसमूह आधी भरून ठेवता येई, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही होती. ते व्यापारी दृष्ट्या अयशस्वी ठरले व १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. शिकागोच्या तरुणांनी हीच टाकून दिलेली यंत्रे स्वस्तात मिळविली व त्यांच्या कळा फिरवून तो वैशिष्ट्यपूर्ण करकरीत ध्वनी काढला. मुंबईत मात्र हे यंत्र नवे असतानाच आले. तिन्ही यंत्रे परस्परांशी जोडून एकाच लयीत चालविता येतात हे चरणजित सिंग यांनी घरी सराव करताना हेरले. खालचे दोन थर यंत्रांवर सोपवून रागाचा विस्तार त्यांनी हाताने वाजविला.

ह्या घसरत्या स्वराचे महत्त्व भारतीय श्रोत्याला सांगावे लागत नाही. पट्ट्यांच्या वाद्यावर मींड निघत नाही हा हार्मोनियमवरील जुना आक्षेप. ह्या आक्षेपामुळेच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला आपली दारे बंद ठेवली होती. दुसरीकडे गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने मराठी रंगभूमीच्या साथीत ह्याच वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. पट्ट्यांवर राग कितपत उतरतो, हा वाद अशा रीतीने महाराष्ट्राच्या चांगला परिचयाचा होता. १९८२ ची ध्वनिमुद्रिका त्या वादातील एक उत्तर म्हणूनही ऐकता येते.

३

चरणजित सिंग हे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातील वादक. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्यांच्याकडे त्यांनी गिटार व विविध विद्युत्-वाद्ये वाजविली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’ ह्या गीतातील ट्रान्झिकॉर्ड त्यांचा. लग्नसमारंभांत वाजविणारा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता, आणि लोकप्रिय चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकाही त्यांनी काढल्या होत्या. ह्या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे १९८२ ची कृती आकस्मिक वाटत नाही.

राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचे संश्लेषण मुंबईत त्यापूर्वी निदान पाव शतक चालू होते. माजोर्डा (गोवा) येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ साली ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात रागाधारित रचना शंभराहून अधिक वादकांकडून वाजवून घेतल्या. १९६७ साली हिज मास्टर्स व्हॉइसने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ प्रसिद्ध केली. तीत शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी व ब्रिजभूषण काबरा यांची गिटार ह्यांनी एका मेंढपाळाचा दिवस प्रहरानुसार येणाऱ्या रागांतून मांडला.

सर्वांत जवळचा पूर्वज मात्र १९६८ चा आहे. शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा-जॅझ स्टाइल’ ह्या ध्वनिमुद्रिकेत रईस खान यांची सतार आणि चित्रपटसृष्टीतील जॅझ वादकांचा मेळ यांनी अकरा राग वाजविले. त्यांपैकी तोडी, भैरव, मालकंस, कलावती व बैरागी हे पाच राग १९८२ च्या दहांतही आहेत. दोन्ही कृती एकाच कंपनीच्या, एकाच शहराच्या आणि एकाच व्यवसायातील लोकांच्या. दोहोंची शीर्षकेही एकाच सूत्राने बनलेली : आधी राग, मग त्या काळी लोकप्रिय असलेली परदेशी शैली. चौदा वर्षांत जॅझची जागा डिस्कोने घेतली, आणि अनेक वादकांची जागा एका वादकाने व तीन यंत्रांनी. हा वंशवृक्ष मान्य केला, तर ही ध्वनिमुद्रिका एका प्रदीर्घ परंपरेच्या शेवटाकडील कडी ठरते. ‘पहिली अ‍ॅसिड हाउस’ ह्या नावाने तिला पाहणारा तिला अशा परंपरेच्या आरंभी ठेवतो, की जिच्याशी तिचा प्रत्यक्ष संबंध आला नव्हता.

४

मग ती विसरली का गेली? डिस्कोची लाट तर ऐन भरात होती. ‘कुर्बानी’ (१९८०) मधील बिद्दू यांनी बांधलेले व नाझिया हसन यांनी गाइलेले ‘आप जैसा कोई’, त्या पाठोपाठ ‘डिस्को दीवाने’ (१९८१), आणि बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला ‘डिस्को डान्सर’ (१९८२) ह्यांनी देश दुमदुमला होता. परंतु ह्या सर्वांना गायक होता, बहुतेकांना पडद्यावरचा चेहरा होता. नागपूर जिल्ह्यातील उमरेडसारख्या तालुक्याच्या गावी नवे संगीत पोचे ते चित्रपटगृहातून, आकाशवाणीवरून आणि लग्नमांडवातील ध्वनिक्षेपकावरून. ह्या तिन्ही वाटा चित्रपटगीताच्या होत्या. रागांची नावे धारण करणारी, पण गीतही नाही आणि मैफलही नाही अशी तबकडी ह्यांपैकी कोणत्याच वाटेने सहज जाण्यासारखी नव्हती. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला तिच्यातील ठेका परका, आणि नाचणाऱ्याला तिच्यातील राग अनावश्यक. त्यातच ह्या दशकात ध्वनिफितींनी तबकड्यांना बाजारातून हुसकून लावले, आणि ज्या तबकड्या चालल्या नव्हत्या त्यांना ध्वनिफितीच्या रूपाने दुसरी संधी मिळणे दुरापास्त झाले.

५

विस्मृतीतून वर येणाऱ्या अशा संगीताचे दुसरे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझरसह एक ध्वनिशाळा उभारली. तेथे गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी केलेल्या रचना फितींवरच पडून राहिल्या. पॉल पुर्गस ह्या ब्रिटिश कलावंताने त्या संस्थेच्या संग्रहातून शोधून काढल्या व २०२३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. जोशीपुरा यांच्या रचनेचे नाव ‘स्पेस लायनर २००१’ असे आहे. येथे भविष्य हा रचनाकाराने स्वतः निवडलेला विषय आहे. मराठीत जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा १९७४ साली पुढे आली, तेव्हा तिच्या लेखकानेही अंतराळ व भविष्यकाळ जाणूनबुजून विषय म्हणून घेतले होते.

चरणजित सिंग यांच्या शीर्षकात भविष्याचा मागमूस नाही. त्यात आहेत ते सर्वांच्या ओळखीचे राग आणि त्या वर्षीचा बाजारी ठेका. तरीही २०१० नंतरच्या श्रोत्याला भविष्यातून आलेले संगीत वाटले ते हेच. ह्याचे कारण श्रोत्याच्या कालक्रमात आहे : त्याने १९८७ चे संगीत आधी ऐकले होते आणि १९८२ चे नंतर. श्रवणाचा हा उलटा क्रम इतिहासाचा क्रम म्हणून स्वीकारला, की आधी असणे आणि प्रभाव पाडणे ह्या दोन गोष्टींची गल्लत होते. मुंबईची तबकडी शिकागोच्या आधीची आहे. पण शिकागोच्या वादकांनी ती ऐकल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या हेतूंनी, परस्परांना अज्ञात असे दोन प्रयोग झाले, एवढेच उपलब्ध साधनांवरून म्हणता येते.

भाषेच्या अभ्यासकाला ही स्थिती नवी नाही. दोन असंबद्ध भाषांत समान ध्वनींचा व जवळच्या अर्थाचा शब्द आढळला, तर त्यावरून एकीचा दुसरीपासून उगम सिद्ध होत नाही; प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती त्याच्या स्वतःच्या भाषेत शोधावी लागते. ध्वनिमुद्रिकेलाही हाच नियम लागू केला पाहिजे.

६

नव्या नावाने ह्या कृतीचे हितही झाले, हे मान्य केले पाहिजे. त्या नावावाचून तिचे पुनर्मुद्रण जगभर पोचले नसते, आणि वयाच्या सत्तरीनंतर चरणजित सिंग यांना युरोपातील रंगमंचावर हीच रचना श्रोत्यांपुढे वाजविण्याची संधी मिळाली नसती. तथापि, त्या नावाबरोबरच ‘चुकून लागलेला शोध’ अशी एक कथाही पसरली. अनेक वर्षे व्यावसायिक वाद्यवादन करणाऱ्या आणि यंत्रे जोडून त्यांचा पद्धतशीर सराव केलेल्या वादकाच्या कृतीला ‘चूक’ म्हणणे, म्हणजे त्याने जे केले त्याचे श्रेय तो ज्याला ओळखतही नव्हता अशा परंपरेच्या हिशेबी जमा करणे होय.

ह्या अन्यायाचे मूळ परदेशी वृत्तपत्रांच्या आधी आपल्याकडेच सापडते. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे छापली जात. गिटार, ट्रम्पेट वा सिंथेसायझर वाजविणाऱ्याचे नाव क्वचितच येई. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ च्या ग्रंथाने मुंबईच्या ध्वनिशाळांतील वादकांच्या आठवणी प्रथमच विस्ताराने नोंदविल्या. त्या पिढीतील अनेक जण आता हयात नाहीत. ज्या वादकांची नावे मूळ वेष्टनावरच नव्हती, त्यांच्या कृतीला पुढे कोणीही कोणतेही नाव द्यावे ह्यात आश्चर्य कसले? जुन्या तबकड्यांच्या सूचीत वादकांची नावे भरून काढणे, हयात वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवणे, आणि ‘रागा-जॅझ स्टाइल’पासून ‘सिंथेसायझिंग’पर्यंतच्या कृती एकत्र ठेवून त्यांतील रागनिवड, लय व वाद्ययोजना यांची तुलना करणे, हे काम विद्यापीठांच्या संगीत व इतिहास विभागांनी हाती घेण्याजोगे आहे. ते झाल्यास ह्या ध्वनिमुद्रिकेला तिच्या रचनाकारानेच वेष्टनावर दिलेले, तिची सामग्री, लय व कृती अचूक सांगणारे नाव पुन्हा पुरेसे वाटू लागेल.