समुद्ररक्षा नौका आणि कतञ्ञुता

पालि वाङ्मयात ‘कतञ्ञू’ आणि ‘कतवेदी’ हे शब्द बहुधा जोडीने येतात. पहिला म्हणजे केलेले उपकार जाणणारा, दुसरा म्हणजे ते प्रकट करणारा. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात असा मनुष्य दुर्लभ म्हटला आहे. मनात जाणणे वेगळे आणि नाव घेऊन सांगणे वेगळे, हा भेद सागरी सफरींच्या इतिहासालाही लावून पाहण्याजोगा आहे.

जावा बेटावरील बोरोबुदूर स्तूप शैलेंद्र राजवटीत, इ. स. ८०० च्या सुमारास उभा राहिला. त्याच्या भिंतींवर नौकांची अनेक शिल्पे आहेत. त्यांपैकी एक सुप्रसिद्ध नौका रुद्रायण राजाच्या अवदानातील हिरू अमात्याची असावी, असे अभ्यासक मानतात. वाळूच्या वर्षावात नगर गाडले जात असता हिरू आणि भिरू हे दोघे अमात्य नौकेतून निसटले, अशी ती कथा होय. दिव्यावदान भिरूचा संबंध भृगुकच्छाशी, म्हणजे आजच्या भडोचशी, जोडते.

फिलिप बील या इंग्रज गृहस्थांनी १९८२ साली ही शिल्पे पाहिली. पुढे त्यांवरून सुमारे १८ मीटर लांबीची ‘समुद्ररक्षा’ नौका बांधण्यात आली. ऑगस्ट २००३ मध्ये ती जकार्ताहून निघाली आणि सेशेल्स, मादागास्कर व केपटाऊनमार्गे फेब्रुवारी २००४ मध्ये घानातील आक्रा बंदरात पोहोचली. वृत्तांतांत बील यांचे नाव ठळक असते, आणि ते योग्यच आहे. परंतु नौका प्रत्यक्ष घडविली ती कांगेआन द्वीपसमूहातील पागेरुंगान केचिल बेटावरील असद अब्दुल्ला अल्-मदानी आणि त्यांच्या सहकारी कारागिरांनी. निक बर्निंगहॅम यांनी केलेली एक लहान लाकडी प्रतिकृती समोर होती. बाकी सारे ज्ञान हातांतले, पिढीजात.

कार्ले येथील लेखांत धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या पुत्राने, लेण्याचे मुख घडविल्याची नोंद आहे. श्रेष्ठींच्या दानाशेजारी सुताराचे नाव! बोरोबुदूरच्या शिल्पकारांच्या वाट्याला हे आले नाही.

सुप्पारक जातकातील (क्र. ४६३) नावाडी तर आंधळा. राजाचे रत्न-गजपारखी म्हणून काम करताना दर वेळी आठच कार्षापण मिळाल्यावर, हे तर न्हाव्याचे दान, असे म्हणून तो निघून गेला. (या शेऱ्यातील जातिभाव आज खटकतो, खटकावाच.) पुढे त्याच्याच ज्ञानाने सातशे व्यापारी वाचले.

नौका परत आणून बोरोबुदूरच्या उद्यानातील संग्रहालयात ठेवली आहे. ते ३१ ऑगस्ट २००५ रोजी उघडले. सफरीनंतर आभार मानताना यजमान बंदरांतील मित्र आणि संग्रहालयाचे सहयोगी यांचा उल्लेख होतोच. त्या यादीत पागेरुंगान केचिलचे स्थान पहिले असावयास हवे, कारण दुकनिपातातील दुसरा दुर्लभ मनुष्य, आधी उपकार करणारा ‘पुब्बकारी’, येथे तेच बेट आहे.