पुठ्ठ्यांची माळ

सोलापुरी चादर ज्याने उलगडून पाहिली आहे, त्यास तिच्या एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूस रंग पालटून उमटलेली दिसली असेल. मात्र ही करामत मागाच्या माथ्यावर टांगलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेची आहे, हे गिऱ्हाइकास क्वचितच ठाऊक असते. माळेतला एकेक पुठ्ठा म्हणजे धोट्याची एकेक फेरी. छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. ल्यों येथील जोसेफ जकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही ‘जकार्ड’ युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात उचलली, आणि १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन होलेरिथने छिद्रांकित पत्त्यांवर माणसे मोजली. संगणकाचे पूर्वज ठरलेले हे पुठ्ठ्यांचे माग सोलापूरच्या पेठांत खडखडत होते, तेव्हा संगणक हा शब्दही आपल्याकडे रुळला नव्हता.

सोलापुरात १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी १९४९ मध्ये बंद पडली, पुढच्याच जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. चादरीचा धंदा मात्र तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या लहान कारखान्यांत फोफावला.

या कारखानदारांकडे संगणक शिरला तो मागाच्या वाटेने नव्हे. आधी तो मुनिमाच्या दप्तरात आला. मग नक्षीवाल्याच्या खोलीत, जेथे चौकटीच्या कागदावर घर न् घर रंगवताना एक घर चुकले, तर तीच खोड प्रत्येक चादरीवर त्याच जागी उमटे. इलेक्ट्रॉनिक जकार्डने पुठ्ठाच बाद केला, परंतु त्याची किंमत ऐकूनच लहान मालकाचा हात आखडतो, आणि माझ्या मते ही सावधगिरी भित्रेपणाची नसून व्यवहाराची आहे: एका मागावर नवे यंत्र बसवावे, बाकीचे जुन्या माळांवर चालू ठेवावेत.

नव्या यंत्राची नक्षी साठवलेला पेनड्राइव्ह खिशात मावतो. माळांना खोली लागते. मोराच्या एखाद्या जुन्या नक्षीचा मूळ कागद हरवला असला, की धूळ झटकून माळ जमिनीवर पसरावी लागते, आणि एकाने पुठ्ठा उजेडाकडे धरून छिद्रे सांगावीत, दुसऱ्याने ती पडद्यावर भरावीत, असे वाचन सुरू होते.