नेत्रौषधे, वनस्पतिजन्य

वनस्पतींच्या अर्कांपासून नेत्रोपचारासाठी तयार केलेली औषधे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले असून, गळ्यावरच्या अवयवांचे रोग हाताळणारी ही शाखा, म्हणजे शालाक्यतंत्र, पुण्यात रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयात (स्थापना १९३३) शिकवली जाते. आश्च्योतन (औषधाचे थेंब डोळ्यांत सोडणे), अंजन आणि तर्पण (डोळ्याभोवती कणकेची पाळ करून त्यात कोमट तूप धरणे) हे तिचे प्रमुख उपचार होत. दारुहळदीचा काढा बकरीच्या दुधासह घट्ट होईपर्यंत आटवला की रसांजन मिळते. त्यातील बर्बेरिन हे पिवळे अल्कलॉइड जंतुरोधक असून खुपरीवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. मात्र गुणकारी अर्क सापडणे हे काम तसे सोपे. खरी कसोटी पुढे लागते, कारण थेंब निर्जंतुक, कणविरहित आणि अश्रूंच्या आम्लतेशी व क्षारतेशी जुळणारे असावे लागतात, आणि काढा तर एक-दोन दिवसांतच आंबतो. त्यामुळे त्रिफळ्याचा घरगुती काढा, कितीही गाळला तरी, डोळ्यांत घालणे सुरक्षित नाही. रुईच्या चिकाने तर पारपटलाला इजा होते.