एका यंत्रातील बिऱ्हाडे

संगणकाच्या धंद्यात आज 'टेनंट' हा शब्द सर्रास ऐकू येतो. ज्याने दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रात जागा घेतली तो टेनंट. मराठीत त्याला कोणी भाडेकरू म्हणेल. पण मला त्याहून 'बिऱ्हाडकरू' हा जुना शब्द अधिक नेमका वाटतो. भाडेकरूला स्वतंत्र बंगलाही असू शकतो. बिऱ्हाडकरू म्हटले की वाडा आला, सामाईक जिना आला, नळावरची पाळी आली, आणि मुख्य म्हणजे दोन बिऱ्हाडांच्या मधले फळ्यांचे पार्टिशन आले. त्यातून पलीकडचे सारे ऐकू येते हे दोन्ही घरांना ठाऊक असते, आणि काहीच ऐकू येत नाही असे मानून दोन्ही घरे चालतात. ज्या व्यवस्थेला आज 'क्लाउड' असे हवेतले नाव मिळाले आहे, तिचा इतिहास हा बराचसा अशा एका पार्टिशनचा इतिहास आहे. ते कोणी आणि कशासाठी घातले, किती जाड ठेवले, आणि आत माणसे नांदत असताना त्याची डागडुजी कशी करायची, हे प्रश्न साठ वर्षांचे जुने आहेत.

आरंभीच्या गणकयंत्रांत (जुन्या मराठी लेखांतला हा शब्द मला अजून आवडतो) बिऱ्हाडकरू नव्हतेच. यंत्र एक, त्यावर एका वेळी काम एक. आपल्या पत्त्यांची चळत खिडकीत द्यावी आणि कित्येक तासांनी, स्वल्पविराम चुकला म्हणून काम झाले नाही, असा छापील निरोप घेऊन परत यावे. १९५९ च्या जानेवारीत अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी एक टिपण लिहून सुचविले, की यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटला तर एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी आपलेसे वाटेल. १९६१ च्या नोव्हेंबरात त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी सी.टी.एस.एस. नावाच्या प्रणालीने हे करून दाखविले.

एकत्र राहायला आलेल्यांचे पहिले भांडण भांड्यावरून होते, तसे येथे ते एका फाइलीवरून झाले. या प्रणालीत प्रत्येकाला परवलीचा शब्द दिलेला असे. मजकूर दुरुस्त करण्याचा जो प्रोग्रॅम होता तो काम चालू असताना एक तात्पुरती फाइल करी, आणि तिचे नाव नेहमी एकच असे. एका खणात एका वेळी एकच माणूस काम करणार, या समजुतीवर ते ठीक होते. पुढे सोयीसाठी व्यवस्थापकांना एकाच खणात एकत्र काम करण्याची मुभा देण्यात आली. एके दिवशी एकजण सर्वांसाठीची आजची सूचना लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि मग जो कोणी यंत्राशी जोडला जाई, त्याच्यासमोर 'आजची सूचना' म्हणून सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले! ट्युरिंग पारितोषिकाच्या आपल्या व्याख्यानात कॉर्बातो यांनी ही हकिकत स्वतःच सांगितली आहे. ते व्याख्यान १९९१ साली छापले गेले. तिच्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की कोणीही चोरी केली नव्हती. फक्त मधे पार्टिशन नव्हते.

ते पार्टिशन त्याच गावात, किंबहुना त्याच इमारतीत उभे राहिले. १९६४ साली एम.आय.टी.ने पुढच्या मोठ्या प्रकल्पासाठी आय.बी.एम.चे यंत्र नाकारून जनरल इलेक्ट्रिकचे घेतले. आय.बी.एम.ने त्याच वर्षी केंब्रिजमध्ये, टेक्नॉलॉजी स्क्वेअरमध्ये, एक छोटे संशोधन-केंद्र उघडले होते. तेथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कॉमो यांनी निराळाच विचार केला. एका प्रोग्रॅमने शंभरजणांची भांडणे सोडवीत बसण्यापेक्षा प्रत्येकाला एक संपूर्ण यंत्रच का देऊ नये? खरे नव्हे, भासमान. पण आत बसलेल्या प्रोग्रॅमला फरक कळता कामा नये. १९६७ च्या जानेवारीत त्यांची सी.पी.-४० ही प्रणाली नित्याच्या वापरात आली. मॉडेल ४० या यंत्राची स्मृती जास्तीत जास्त २५६ हजार बाइट. आणि त्यावर १४ भासमान यंत्रे चालत, प्रत्येकाला आपल्याजवळ २५६ हजार बाइट आहेत असा समज! यंत्रावर राज्य करणाऱ्या प्रोग्रॅमला त्या काळी 'सुपरवायझर' म्हणत. आता अशा अनेक राज्यकर्त्यांना खेळविणारा त्यांच्याहून वरचा कोणी आला, म्हणून 'हायपरवायझर' हे नाव.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे पार्टिशन संरक्षणासाठी घातलेले नव्हते. उद्देश एवढाच, की प्रत्येकाने आपल्या यंत्रात हवी ती मोडतोड करावी आणि शेजाऱ्याला धक्का लागू नये. संरक्षण हे ओघाने आले, आणि पुढे तेच विकायला निघाले. १९६८ साली नॅशनल सी.एस.एस. आणि इंटरॅक्टिव्ह डेटा या कंपन्यांनी सी.पी.-६७ ही सुधारलेली प्रणाली घेऊन यंत्राचा वेळ बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकण्यास सुरुवात केली. एका कंपनीचे आकडे आता दुसरीच्या आकड्यांशेजारी राहू लागले. फळ्यांना बाजारभाव आला.

आणि शेजाऱ्याला काही द्यायचे असेल तर? प्रत्येक भासमान यंत्राला भासमान पत्ते वाचणारे आणि पत्ते पाडणारे उपकरण होतेच. एकाने आपल्याकडे पाडलेले पत्ते दुसऱ्याच्या वाचकात पडावेत अशी सोय करण्यात आली. जे पत्ते कधीही कागदाचे नव्हते, ते पार्टिशनवरून वाटी द्यावी तसे पलीकडे जाऊ लागले. ही कल्पना इतकी टिकाऊ ठरली, की १९८१ साली अमेरिकेतील विद्यापीठांना जोडणारे बिटनेट हे जाळे निघाले, तेव्हा त्यावरूनही मजकूर अशाच काल्पनिक पत्त्यांच्या रूपाने धावत होता.

१९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी या साऱ्याला गणिती रूप दिले. त्यांची अट साध्या भाषेत अशी: मालकाच्या वस्तूला हात लावणारी प्रत्येक आज्ञा मालकाच्या दारावर थाप मारल्याशिवाय पुढे जाता कामा नये. पण तोवर वारे फिरू लागले होते. यंत्रे स्वस्त झाली, प्रत्येकाच्या टेबलावर आली. ज्याला त्याला बंगला मिळू लागल्यावर वाड्याचा विचार कोण करतो? इंटेलचे जे प्रक्रियक घरोघर गेले, त्यांत ही अट पाळलेलीच नव्हती. अशा सतरा आज्ञा २००० साली मोजण्यात आल्या. त्या नको त्या ठिकाणी दिल्या तरी दारावर थाप पडत नसे. काही मुकाट्याने भलतेच उत्तर देत, काही मुकाट्याने काहीच करीत नसत. स्टॅनफर्डमधून निघालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने (स्थापना १९९८) त्या आज्ञा चालता चालता बदलण्याची युक्ती काढली. २००३ साली इंग्लंडमधल्या दुसऱ्या केंब्रिजमधून 'झेन' आले, त्याने आतल्या प्रणालीलाच थोडे शहाणे केले. २००५-०६ मध्ये इंटेल व ए.एम.डी. यांनी प्रक्रियकातच सुधारणा केली.

मग २००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने झेनवर उभी केलेली यंत्रे तासाला दहा सेंट भाड्याने देण्यास आरंभ केला. आतापर्यंतचे बिऱ्हाडकरू निदान एका विद्यापीठातले, किंवा करारपत्र करून आलेले असत. आता ज्याच्याजवळ क्रेडिट कार्ड तो आत. शेजारी कोण, हे ना मालक सांगणार, ना विचारण्याची सोय.

अनोळखी बिऱ्हाडे हजारांनी आल्यावर खरी अडचण झाली ती पत्त्यांची, पोस्टाच्या अर्थाने. खाजगी जाळ्यात कोणीही वापरावेत असे काही क्रमांक १९९६ साली राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारा क्रमांक पुष्कळ वाचकांनी आपल्या घरच्या राउटरवर पाहिला असेल. त्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडकरू तेच क्रमांक घेऊन येतो. प्रत्येक पेठेत 'घर नंबर १२' असावे तसे हे आहे. पोस्टमनला पेठही कळली पाहिजे. १९९८ च्या व्हीलॅनच्या प्रमाणात अशी पेठेची खूण होती, पण ती बारा बिटांची. म्हणजे ४,०९६ खुणा, आणि पहिली व शेवटची राखीव म्हणून वापरायला ४,०९४. एका कचेरीतले हिशेब खाते आणि विक्री खाते वेगळे ठेवायला त्या उदंड होत्या. अवघ्या जगाला वाड्यात घ्यायला निघालेल्या मालकाला मुळीच पुरेना. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅनने चोवीस बिटांची खूण दिली: १,६७,७७,२१६ पेठा. यात बिऱ्हाडकरूचे पाकीट मालकाच्या पाकिटात घालून पाठवितात. बाहेरच्या पाकिटावर मालकाच्या यंत्राचा पत्ता आणि पेठेचा क्रमांक, आत बिऱ्हाडकरूचा 'घर नंबर १२'. आतल्याला बाहेरचे पाकीट कधी दिसतच नाही.

दारावरचा पहाराही मालकाच्याच बाजूला असतो, बिऱ्हाडाच्या आत नव्हे. यंत्राने दुसऱ्याचा पत्ता लावून पत्र टाकले तर ते तेथेच अडवायचे. बाहेर जाणाऱ्याला मोकळीक, बाहेरून येणाऱ्याला दार बंद, आणि कोणते दार कोणासाठी उघडायचे ते बिऱ्हाडकरूने सांगायचे. ही रचना शहाणपणाची आहे. पण पहिल्या रात्री काही केल्या जोडणी होत नाही, म्हणून वैतागून 'कोणालाही येऊ द्या' असा नियम लिहिणारे आणि दुसऱ्या दिवशी तो पुसायला विसरणारे बिऱ्हाडकरू मी पाहिले आहेत; त्यांतला एक आरशातही दिसतो. त्या नियमात पत्त्याच्या जागी चार शून्ये लिहितात. दिसायला किती निरुपद्रवी!

आता डागडुजी. बिऱ्हाडे न उठविता छप्पर बदलण्याची कला 'लाइव्ह मायग्रेशन' या नावाने २००३ च्या सुमारास बाजारात आली. चालू यंत्राची स्मृती दुसऱ्या लोखंडावर उतरवून घ्यायची. तेवढ्यात जी पाने बदलली ती पुन्हा उतरवायची. असे करीत बाकी थोडी उरली की यंत्र क्षणभर थांबवून उरलेले न्यायचे, आणि 'हा पत्ता आता या दाराशी आहे' अशी जाळ्यात दवंडी पिटायची. २००५ साली झेनच्या मंडळींनी जाहीर केलेल्या प्रयोगात लोक खेळत असलेल्या एका खेळाचा सर्व्हर असा हलविला. खंड पडला तो सुमारे साठ मिलिसेकंदांचा, म्हणजे पापणी लवण्याहूनही थोडा. जाळ्याची आणि डागडुजीची गाठ येथे पडते. पत्ता बरोबर नेता आला नाही तर स्थलांतराला अर्थ नाही. आणि पेठ खऱ्या तारांपासून सुटी झाल्यावरच पत्ता वाड्यात कोठेही नेता येतो.

पण ही सोय प्रत्येक वाड्यात नव्हती. २०१४ च्या सप्टेंबरअखेर ॲमेझॉन व रॅकस्पेस यांच्या पुष्कळ बिऱ्हाडकरूंना एकाएकी कळविण्यात आले, की तुमची यंत्रे थोड्याच दिवसांत बंद करून पुन्हा सुरू करू. नेमका दोष सांगितला नाही. झेनमध्ये एक भोक सापडले होते. एका विशिष्ट वाचनात मर्यादा चुकीची तपासली जाई, आणि बिऱ्हाडकरूला आपली नसलेली थोडी स्मृती वाचता येई. ते १ ऑक्टोबरला जाहीर व्हायचे होते, आणि तोवर बोलणे म्हणजे चोराला भिंत दाखविणे. ॲमेझॉनच्या सांगण्याप्रमाणे दहा टक्क्यांहून कमी यंत्रांना झळ पोचली. तरी ज्याचे दुकान त्या दहांत होते त्याने काय समजायचे? घरमालकाने कारण न सांगता चार दिवसांत खोली रिकामी करायला सांगावी आणि ते आपल्याच हिताचे असावे, असा प्रसंग वाड्यांच्या इतिहासात फारसा नसेल. मालकाने बरोबर केले असे माझे मत आहे. पण त्या मताला आज पोचायला मला काही खर्च पडला नाही.

ते भोक बुजविता आले, कारण ती चूक होती. ३ जानेवारी २०१८ रोजी जे जाहीर झाले ते वेगळ्या जातीचे होते. प्रक्रियक वेळ वाचविण्यासाठी पुढचे काम अंदाजाने आधीच करून ठेवतो आणि अंदाज चुकला तर ते टाकून देतो. टाकलेल्या कामाचा उत्तरात मागमूस राहत नाही. पण जवळच्या छोट्या स्मृतीत त्याची ऊब राहते. शेजारच्याने कोणती गोष्ट पटकन मिळते आणि कोणती उशिरा, एवढे नुसते मोजले तरी पलीकडे काय होते ते ओळखता येते. मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही त्या दोषांची नावे. १९९५ पासूनचे इंटेलचे बहुतेक सारे प्रक्रियक पहिल्याच्या कक्षेत येत होते. दुसऱ्याचा उपयोग करून गूगलच्या एका संशोधकाने बिऱ्हाडात बसून मालकाची स्मृती सेकंदाला सुमारे पंधराशे बाइट या गतीने वाचून दाखविली. पार्टिशन कोणी फोडले नव्हते. पलीकडच्या भांड्यांच्या आवाजावरून आज पाहुणे आले आहेत आणि बेत पुरणाचा आहे हे आमच्या वाड्यातल्या बायका अचूक सांगत, तशातलाच हा प्रकार.

त्या जानेवारीत जगभरच्या मालकांनी यंत्रांवर ठिगळे लावली. त्यांनी काही कामे मंदावली, आणि त्याच जातीचे नवे दोष पुढेही निघत राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात ॲमेझॉनने आधी थोड्यांनाच दिलेला एक प्रकार सर्वांसाठी खुला केला. त्यात हायपरवायझर नाही आणि शेजारी नाही. भरपूर भाडे भरले, की एक अख्खे, खरे यंत्र एकट्या बिऱ्हाडकरूला मिळते.