डिझेलची ज्वाला आणि अमोनियाचा उतारा

१/ सप्टेंबर १९१३. जर्मनीतील ओप्पाऊ येथे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. त्याच महिन्याच्या २९ तारखेच्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘ड्रेसडेन’ बोटीवरून रुडॉल्फ डिझेल नाहीसा झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पुढे मात्र डिझेलच्या इंजिनाचा दोष अमोनियानेच निवारला जाणार होता.

२/ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा ते कामी लावी. वाफेची इंजिने बरीच मागे होती. हवा इतकी दाबायची, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, हे त्यामागील तत्त्व.

३/ त्या प्रखर ज्वालेत हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. १९०३ मध्ये नॉर्वेत बिर्केलँड आणि आयडे यांनी हीच क्रिया विजेच्या ठिणगीने मुद्दाम घडवली, खतासाठी. तेथे जे वरदान, तेच धुराड्यात विष.

४/ ही क्रिया कशी घडते, हे १९४० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी उलगडले. तापमान वाढले की नायट्रोजन ऑक्साइड झपाट्याने वाढतात. पेच असा, की इंजिनाची काटकसरही त्याच उष्णतेवर अवलंबून असते.

५/ या वायूची किंमत लॉस एंजेलिसने मोजली. डोळे चुरचुरवणारे तेथील धुरके सूर्यप्रकाशात नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यापासून बनते, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवले.

६/ पहिला उपाय इंजिनातच शोधला गेला. इंधन उशिरा फवारले, तर ज्वाला निवते. पण इंधन जास्त लागते आणि काजळी वाढते. पाणी मिसळूनही तापमान उतरते. राल्फ मिलर यांच्या युक्तीत हवेची झडप लवकर मिटते, कोंडलेली हवा प्रसरण पावून थंडावते. या उपायांनी ऑक्साइड घटले, संपले नाहीत.

७/ दुसरा उपाय धुराच्या वाटेवर होता. धुरात अमोनिया किंवा युरियाचे द्रावण सोडायचे आणि तो उत्प्रेरकावरून न्यायचा. हाती उरतात साधा नायट्रोजन आणि पाणी. १९५७ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट झाले आणि १९७० च्या दशकात जपानने ती वीजकेंद्रांत रुजवली. यातून ९० टक्क्यांहून अधिक ऑक्साइड घटू शकतात. मात्र धूर साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअस हवा; तो थंड असला, तर जड तेलातील गंधकामुळे चिकट क्षार साचून उत्प्रेरक गुदमरतो.

८/ भारतात ०.८ मेगावॅटहून मोठ्या डिझेल वीजइंजिनांसाठी उत्सर्जनाची मानके २००२ मध्ये आली. म्हणजे पहिल्या यशस्वी इंजिनानंतर १०५ वर्षांनी. तोवर इंजिनाची थोरवी वाचलेल्या तेलावरून ठरत होती. श्वासाचा हिशेब त्यानंतर मांडला गेला.