आडवाटेची गाडी आणि तिच्या कमानी

बैलगाडींतून खडकाळ वाटेनें ज्यानें एकदां प्रवास केला आहे, त्याला कमान कशासाठीं असते हें निराळें सांगावें लागत नाहीं. चाक दगडावर चढलें कीं आंस उचलला जातो, आंसाबरोबर साटी उचलली जाते, आणि साटीबरोबर तींत बसलेला माणूस. दगड केवढा होता तें चाकाइतकेंच माणसाच्या कण्यालाहि कळतें. चाकाला बसलेला धक्का माणसापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं वाटेंतच जिरवावा, या इच्छेंतून गाडीची कमान जन्मास आली.

आडवाटेनें जाणाऱ्या मोटारीच्या मूळच्या कमानी काढून त्या जागीं अधिक उंच वा अधिक ताठ कमानी बसविण्याची चाल आज जगभर आहे. शहरांतील गुळगुळीत रस्त्यावर अशी उंचावलेली गाडी दिसली म्हणजे ती कोणाची तरी हौस असावी असें पाहणाऱ्यास वाटतें. हौस तींत असतेच. परंतु या चालीच्या मुळाशीं हौसेपेक्षां गंभीर असा प्रश्न आहे. जेथें मदत शेंकडों मैल दूर आहे, तेथें पाणी, इंधन आणि माणसें यांचें ओझें गाडीनें न मोडतां कसें वाहावें, हा तो प्रश्न होय.

कमानीचें शास्त्र प्रथम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें मांडलें. त्यानें १६७६ सालीं आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपांत प्रसिद्ध केला आणि १६७८ सालीं त्याचा उलगडा केला. कमान जितकी ताणावी वा दाबावी तितक्याच प्रमाणांत तिचा प्रतिकार वाढतो, हा त्या नियमाचा आशय. एका ओझ्यानें कमान एक बोट दबली, तर दुप्पट ओझ्यानें ती दोन बोटें दबेल. पुढच्या सर्व गाड्यांचा हिशेब या साध्या वाक्यावर उभा आहे.

तथापि हा नियम रस्त्यावर पुरतेपणीं उतरण्यास सव्वाशें वर्षें लागलीं. तोंवर युरोपांतील घोड्यांच्या गाड्या बहुधा चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेल्या असत आणि पुढचा व मागचा आंस एका अवजड दांड्यानें जोडलेला असे. १८०४ सालीं लंडनमधील ओबाडाया इलियट या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें धनुष्याप्रमाणें वांकविलेल्या पोलादी पाट्यांच्या दोन कमानी समोरासमोर जोडून लंबगोल कमान सिद्ध केली. ती सरळ आंसावर बसत असल्यामुळें मधल्या अवजड दांड्याची गरज उरली नाहीं. गाडी हलकी झाली, ठेंगणी झाली, आणि प्रवासी प्रथमच निश्चिंतपणें पाठ टेंकून बसूं लागला.

एकावर एक रचलेल्या पाट्यांच्या या कमानींत मोठी खुबी आहे. सर्वांत लांब पाटा आपल्या दोन टोंकांच्या डोळ्यांनीं गाडीला धरून असतो. त्याखालचे पाटे क्रमानें आंखूड होत जातात, म्हणून जेथें ताण अधिक तेथें पोलादहि अधिक असतें. कमान दबली कीं पाटे एकमेकांवर घसरतात आणि त्या घर्षणांत हेलकाव्याची शक्ति जिरते. शिवाय हीच कमान आंसाला आपल्या जागीं धरूनहि ठेवते. भार पेलणें, हेलकावा आंवरणें आणि आंस राखणें, अशीं तीन कामें एकच वस्तु करते.

मोटार आली तेव्हां तिनें घोडागाडीचीच कमान उचलली. १९०८ सालच्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीला पुढें एक व मागें एक, अशा दोनच आडव्या कमानी होत्या आणि त्यांवर ती गाडी अमेरिकेच्या चिखलानें भरलेल्या खेड्यापाड्यांतून फिरली. परंतु वेग वाढूं लागला तसें पाट्यांचें आपापसांतील घर्षण अपुरें पडूं लागलें. एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळां डोलूं लागली. म्हणून हेलकावा आंवरणारें स्वतंत्र साधन, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, कमानीच्या जोडीला आलें.

आडवाटेच्या गाडीचा खरा इतिहास १९४० सालीं सुरू होतो. युरोपांत युद्ध पेटलेलें होतें. त्या वर्षींच्या जुलैमध्यें अमेरिकन सैन्यानें १३५ कारखान्यांना पत्रें धाडून चारी चाकांना गति देणारी एक लहान गाडी मागितली. तिनें ६०० पौंड ओझें वाहावें आणि तिचें स्वतःचें वजन १,३०० पौंडांहून अधिक नसावें, अशी ती मागणी होती. वजनाची अट अशक्यच होती व पुढें ती शिथिल करावी लागली. बँटम नांवाच्या लहानशा कारखान्यानें कार्ल प्रोब्स्ट या इंजिनियरच्या मदतीनें ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजीं सैन्याच्या स्वाधीन केला. पुढें विलिस व फोर्ड या कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. तीच जीप.

जीपचीं चारी चाकें पाट्यांच्या कमानींवर होतीं. त्यांतील एक तपशील लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ब्रेक लावतांना पुढचा आंस पिळला जाऊन गाडी एका बाजूस ओढली जाऊं नये म्हणून पुढच्या डाव्या कमानीखालीं एक जादा आंखूड कमान बसविण्यांत आली. म्हणजे मूळच्या कमानीस दुसरी जोडून गाडीचा दोष काढण्याचा प्रयोग जीपच्या कारखान्यांतच झालेला होता. पुढच्या पिढ्यांनीं तो आपापल्या अंगणांत चालूं ठेविला इतकेंच.

युद्ध संपलें आणि जीप शेतावर आली. वेल्समधील अँगलसी बेटावर मॉरिस विल्क्स हा रोव्हर कंपनीचा इंजिनियर अशीच एक युद्धांतली जीप वापरीत असे. तिच्यावरूनच लँड रोव्हरची कल्पना निघाली आणि १९४८ सालच्या एप्रिलमध्यें ती गाडी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली गेली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें १९४९ सालीं माझगांव येथें विलिस जीपची जुळणी केली. घाटांतल्या कच्च्या रस्त्यांवर सरकारी अंमलदार, अभियंते आणि डॉक्टर यांना घेऊन हिंडलेल्या जीपा पाट्यांच्या कमानींवरच चालल्या.

या कमानींची खरी कसोटी मात्र ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत लागली. लेन बीडेल या मोजणीदारानें आपल्या लहानशा तुकडीसह १९५५ ते १९६३ या काळांत त्या ओसाड प्रदेशांतून ६,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते काढले. त्यांपैकीं प्रसिद्ध ‘गनबॅरल’ मार्ग १९५८ सालीं पुरा झाला. अशा कच्च्या रस्त्यांवर चाकांच्या आघातांनीं पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या सऱ्या पडतात. त्यांवरून तासन् तास जातांना कमान क्षणभरहि विसांवत नाहीं. शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल तापतें, फेंसाळतें, आणि त्याचा जोर सरतो.

त्याच देशांतील सिम्प्सन वाळवंटांत एक हजारांहून अधिक वाळूच्या टेंकड्या एकामागून एक समांतर पसरलेल्या आहेत. १९३९ सालीं सेसिल मॅडिगन यानें तें उंटांच्या तांड्यानिशीं ओलांडलें. १९६२ सालीं रेग स्प्रिग हा भूगर्भशास्त्रज्ञ आपली पत्नी ग्रिसेल्डा व दोन मुलें यांना घेऊन निसान पेट्रोल या मोटारगाडींतून तेंच वाळवंट ओलांडून गेला. मोटारीनें झालेला तो पहिला प्रवास. उंटाला चरतां येतें, मोटारीला येत नाहीं. तिला लागणारा इंधनाचा प्रत्येक थेंब आणि माणसांना लागणारें पाणी हें सारें गाडीच्याच पाठीवर होतें, आणि ती पाठ म्हणजे पाट्यांच्या चार कमानी. अशा ठिकाणीं मुख्य पाटा मोडणें म्हणजे आंसाची जागा सुटणें, आणि आंसाची जागा सुटणें म्हणजे प्रवास जागच्या जागीं थांबणें.

येथें हूकचा हिशेब पुन्हां पुढें येतो. समजा, मागची प्रत्येक कमान ४० किलो ओझ्यानें एक सेंटिमीटर दबते. गाडीच्या मागच्या भागांत पाणी, इंधन व सामान मिळून ३२० किलो चढविलें, तर दोन कमानींवरील गाडी चार सेंटिमीटर खालीं बसते. धक्का सोसण्यासाठीं कमानीला एकंदर आठ सेंटिमीटरच जागा असेल, तर निम्मी जागा गाडी उभी असतांनाच संपली. मग मोठा खड्डा येतांच आंस वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि तो आघात सरळ सांगाड्यास बसतो. कारखान्यानें कमान बसविलेली असते ती सरासरी ग्राहकाच्या सरासरी ओझ्यासाठीं. वाळवंटांत जाणारा हा सरासरी ग्राहक नव्हे.

ही उणीव भरून काढण्यांतून एक नवा धंदाच उभा राहिला. उत्तर ऑस्ट्रेलियांतील प्रवासांत गाड्यांवरील जोडसाहित्य मोडलेलें पाहून अँथनी रोनाल्ड ब्राऊन यानें १९७५ सालीं मेलबर्न येथें आपल्या आद्याक्षरांच्या नांवानें एआरबी ही कंपनी काढली. ‘ओल्ड मॅन इमू’ या नांवानें तिच्या कमानी व शॉक ॲब्सॉर्बर आज जगभर विकले जातात. कमान व शॉक ॲब्सॉर्बर हीं एकमेकांस जुळवूनच निवडावींत हें तत्त्व या धंद्यांत रूढ झालें. कारण ताठ कमान उसळतेहि जोरानें. तिला आंवरणारा हात तितकाच बळकट नसेल, तर गाडी घोड्यासारखी उधळते.

कमान बदलण्याचें काम वरवर सोपें दिसतें. गाडीचा सांगाडा भक्कम लोखंडी घोड्यांवर टेंकवावयाचा. केवळ जॅकवर विसंबून गाडीखालीं शिरणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें. आंसाला जॅकचा आधार देऊन शॉक ॲब्सॉर्बरचें खालचें टोंक सोडवावयाचें, यू-बोल्ट काढावयाचे, मग डोळ्यांतील व शॅकलमधील बोल्ट. नवी कमान बसवितांना तिच्या मधल्या बोल्टचें डोकें आंसावरील भोंकांत नेमकें बसलें पाहिजे, नाहींतर आंस तिरपा राहतो. यू-बोल्ट एकदां ताणला गेलेला असतो, म्हणून जुना पुन्हां वापरूं नये. आणि डोळ्यांचे बोल्ट गाडी अधांतरीं असतांना पक्के आंवळूं नयेत. चाकें जमिनीवर टेंकून कमानीवर भार आल्यावरच आंवळावेत. तसें न केल्यास आंतील रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. कांहीं शें किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हां आंवळणें हें शेवटचें काम, आणि नेमकें तेंच पुष्कळांच्या हातून राहतें.

उंच कमानीची किंमतहि द्यावी लागते. ब्रेकची नळी आंखूड पडते, मागच्या चाकांकडे गति नेणाऱ्या दांड्याचे सांधे अधिक वांकतात, आणि गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें वळणावर गाडी अधिक कलते. पाट्याच्या जाडीचा परिणाम तर घनाच्या प्रमाणांत होतो: त्याच लांबीरुंदीचा पाटा दुप्पट जाड केला तर तो आठपट ताठ होतो. बळकटी वाढविण्याच्या भरांत कमानीचें कमानपण कसें हरपतें, तें यावरून दिसेल.

पुढें मोठे कारखानेहि बदलले. १९७० सालच्या रेंज रोव्हरनें पाटे सोडून गुंडाळीच्या कमानी घेतल्या आणि १९८३ सालीं लँड रोव्हरच्या ‘वन टेन’ गाडीनें तीच वाट धरली. गुंडाळी अधिक मऊपणें झुलते. परंतु ती केवळ भार पेलते. आंस राखण्यास निराळे दांडे लागतात, आणि पाट्यांचें घर्षण नसल्यामुळें हेलकावा आंवरण्याचें सारें ओझें शॉक ॲब्सॉर्बरवर पडतें. पाटा एकटा जें करीत असे, तें आतां तिघांत वांटलें गेलें.

साधन बदललें तरी हिशेब तोच राहिला. भरल्या गाडीसाठीं निवडलेली कमान रिकाम्या गाडीखालीं बैलगाडीइतकीच निष्ठुर होते, आणि रिकाम्या गाडीची कमान भरल्या गाडीखालीं दगा देते. म्हणून जाणता कारागीर गिऱ्हाईकाला प्रथम किती उंची हवी तें विचारीत नाहीं. पाण्याचीं पिंपें, इंधन, सामान आणि माणसें यांसह ती गाडी वजनकाट्यावर उभी करून आणावयास सांगतो, आणि काट्यावरचा आंकडा पाहूनच कमान निवडतो.