आधी मोजा, मग बुजवा

प्रोग्रॅम हळू चालतोय म्हटल्यावर कोड उघडून डोळ्यांना खुपेल ती ओळ आधी सुधारायला घेणारा एक तरी महाभाग प्रत्येक टीममध्ये असतो. वेळ नक्की कुठे जातोय ते आधी मोजायचं आणि मगच हात घालायचा, हा खरं तर साधा नियम. पण तो पाळायचा कंटाळा सार्वत्रिक आहे. जुन्या घरांमधली ऊर्जेची गळती थांबवायच्या खटाटोपाचा इतिहास वाचताना मला हीच गंमत पुन्हा पुन्हा दिसली. म्हणून या विकांताला थोडं घरांविषयी.

गोष्ट सुरू होते न्यू जर्सीत. प्रिन्स्टनजवळ ईस्ट विंडसरमध्ये ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. ऑनसाइटच्या निमित्ताने त्या भागात राहून आलेले मराठी लोक आता पुष्कळ सापडतील. तिथे एकाला एक चिकटून ओळीने बांधलेली, एकाच नकाशाची टाउनहाउसेस आहेत. १९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांमध्ये ऊर्जा नेमकी कशी खर्च होते याचा अभ्यास सुरू केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं आणि ३ डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव १९७४ उजाडेपर्यंत १२ डॉलरच्या घरात गेला. तोवर रुक्ष वाटणारा विषय एकदम घराघरातला झाला!

पहिला धक्का बिलांनीच दिला. नकाशा तोच, भिंती त्याच, भट्टी तीच, हवा तीच. तरीही एका घराचा गॅस दुसऱ्याच्या दुप्पट! आता यात घराचा दोष किती आणि माणसांचा किती? त्यासाठी मालक बदललेली घरं वेगळी काढून तपासली. तेव्हा दिसलं की जुन्या मालकाच्या खपावरून नव्या मालकाच्या खपाचा फारसा अंदाज येत नाही. म्हणजे फरकाचा मोठा वाटा राहणाऱ्यांच्या सवयींचा होता. आणखी एका प्रयोगात उन्हाळ्यात लोकांना त्यांचा रोजचा विजेचा खप नुसता कळवत राहिले, तर तेवढ्यानेच वापर १० टक्क्यांच्या आसपास उतरला.

दुसरा धक्का माळ्यावर बसला. थंडीच्या मुलखात छताखालच्या माळ्यावर इन्सुलेशनचा थर पसरलेला असतो. त्याची जाडी माहीत असली की वर किती उष्णता जाते याचं गणित पुस्तकातल्या सूत्राने पाच मिनिटांत सुटतं. पण प्रत्यक्षात मोजलेली गळती त्या उत्तरापेक्षा कितीतरी जास्त निघाली. जान बेया, गौतम दत्त आणि टॉमस वोटेकी यांनी १९७८ मध्ये याचा उलगडा मांडला. भट्टीच्या धुराड्याभोवती तळघरापासून माळ्यापर्यंत मोकळी पोकळी होती. शेजारघरांमधली सामाईक भिंतही पोकळ ठोकळ्यांची. गरम हवा इन्सुलेशनला वळसा घालून या वाटांनी खुशाल वर निघून जात होती. वर आणखी दोन थर टाकले असते तरी तिला काडीचा फरक पडला नसता! याच काळात फ्रँक सिंडेन यांनी तिथल्या एका घरात फटी, माळा आणि खिडक्यांवर नीट काम करून घर तापवायचा खर्च दोन तृतीयांशांनी खाली आणून दाखवला.

फटी शोधायला हत्यार मिळालं ते स्वीडनकडून. तिथे खिडकीत पंखा बसवून घराची गळती मोजायची पद्धत होती. ओके ब्लोमस्टरबर्ग यांनी ती १९७९ मध्ये प्रिन्स्टनला आणली आणि पंखा दारात आला. हाच ब्लोअर डोअर. पंख्याने घरातली हवा बाहेर खेचायची, आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवायचा आणि त्यासाठी किती हवा खेचावी लागते ते बघायचं. घर किती गळकं आहे याचा थेट आकडाच मिळतो. पंखा चालू असताना हात फिरवला तरी फटीतून येणारी हवा लागते. उपकरणं घेऊन घर तपासणाऱ्या आणि फटी बुजवणाऱ्या माणसाला तर ‘हाउस डॉक्टर’ असंच नाव पडलं.

सरकारी पातळीवर १९७६ च्या कायद्याने गरीब कुटुंबांची घरं फुकट दुरुस्त करून द्यायची योजना सुरू झाली. सुरुवातीची कामं म्हणजे खिडकीला प्लॅस्टिक लाव, दाराच्या फटीत पट्टी बसव, अशी डोळ्यांना दिसेल तिथली मलमपट्टी. मोजणी आणि ब्लोअर डोअर हळूहळू आले.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही! याच योजनेचा मिशिगनमधला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वुल्फ्रम यांनी सुमारे ३०,००० कुटुंबांवर प्रयोग केला. बचत झाली, पण कॉम्प्युटर मॉडेलने वर्तवलेली बचत प्रत्यक्षातल्या बचतीच्या तिपटीहून जास्त होती, आणि कामाचा खर्च वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या साधारण दुप्पट. त्याहून मला बोचलं ते वेगळंच. सरासरी ५,००० डॉलरचं काम फुकट मिळत होतं, लोकांना गाठून, समजावून झालं, तरी जेमतेम ६ टक्के कुटुंबांनी ते घेतलं. अर्ज, कागदपत्रं, खेपा... गरिबाच्या वेळेची किंमत कोणत्याच मॉडेलमध्ये नसते. इलिनॉयमधल्या नंतरच्या अभ्यासात बचतीतल्या तुटीची मोठी कारणं दोन निघाली: मॉडेलचा फाजील आशावाद आणि कामातला कच्चेपणा. ‘बिल कमी झालं म्हणून लोक घर जास्त तापवतात’ हे लाडकं कारण अगदी किरकोळ ठरलं.

या योजनेवर नुसतं बिलाच्या हिशोबाने फुली मारणं मात्र मला पटत नाही. कुडकुडत काढलेली रात्र बिलात दिसत नाही.

पण पन्नास वर्षांच्या अनुभवातून कामाचा क्रम स्पष्ट दिसतो. आधी वर्षभराची बिलं हवामानाशी ताडून बघा. मग ब्लोअर डोअर. मग माळ्यातल्या आणि तळघरातल्या चोरवाटा बुजवा, आणि त्यानंतरच इन्सुलेशन. घर घट्ट झालं की भट्टीचा धूर आत तर फिरत नाही ना, ताजी हवा पुरेशी येते ना, हे तपासणं सक्तीचंच, कारण इथे चूक जिवावर बेतते. नवी भट्टी किंवा हीट पंप त्यानंतर घ्या, म्हणजे लहान आकाराचा पुरतो. आणि सेल्समन सगळ्यात आधी विकायला आणतो त्या महागड्या नव्या खिडक्या बहुतेक वेळा शेवटी. काम झाल्यावर पुन्हा मोजा, हे तर कुणी करतच नाही.

आपल्याकडे इको निवास संहिता २०१८ मध्ये आली, पण ती नव्या इमारतींसाठी. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर भाजून निघणाऱ्या जुन्या सोसायट्यांचा विचार आपल्यालाच करावा लागणार. तिथे गळती गरम हवेची नसून तापलेल्या स्लॅबची आहे, त्यामुळे तिकडची उत्तरं जशीच्या तशी चालणार नाहीत. मोजायची सवय मात्र उचलायला हरकत नाही. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये गच्चीसाठी कुणी लाखभराचं कोटेशन आणलं, तर वर्षभराची बिलं आणि स्लॅबचं तापमान आधी मागून बघा.